खर्जाची गिटार आणि तिचा ध्वनिवर्धक

अहमदनगरास, म्हणजे आजच्या अहिल्यानगरास, वाद्यांचा शेजार नवा नाही. अमेरिकन मराठी मिशनने १८३१ साली येथे ठाणे केले, तेव्हापासून उपासनागीतांची परंपरा येथे रुजली; लग्नसराईतील वाद्यवृंद तर घरोघरच्या परिचयाचे. अशा एखाद्या मेळात चार तारांची ‘बेस’ गिटार वाजवू पाहणाऱ्या मुलाच्या घरी लवकरच प्रश्न उभा राहतो : ध्वनिवर्धक कोणता घ्यावा? या गिटारीस बहुधा पोकळ पेटी नसते. विजेवाचून ती जवळजवळ मुकीच.

घरात साध्या गिटारीचा ध्वनिवर्धक असला म्हणजे तोच चालेल, असे पुष्कळांस वाटते, आणि तेथेच फसगत होते. साध्या गिटारीची सर्वांत खालची तार सेकंदास सुमारे ८२ कंप पावते. खर्जाच्या गिटारीची अवघे ४१. या स्वराची एक लहर आठ मीटरांहून लांब, म्हणजे सामान्य दिवाणखान्यात न मावणारी! एवढी हवा हलवावयाची तर स्पीकरचा पडदा रुंद हवा आणि पुढेमागे पुष्कळ सरकणारा हवा. साध्या गिटारीची पेटी अनेकदा मागून उघडी असते. तिच्यातून निघालेल्या पुढच्या व मागच्या लहरी खर्जात एकमेकींस मारतात, आणि जोर लावल्यास पडदा खरखरून अखेर फाटतो. कॅलिफोर्नियातील लिओ फेंडर यांनी १९५१ साली ही विजेची गिटार बाजारात आणली, तेव्हा तिच्यासाठी १५ इंची स्पीकरचा निराळा ध्वनिवर्धक त्यांना पाठोपाठ काढावा लागला.

दुकानदार मात्र वॅटचा आकडा पुढे करतो. वॅट दुप्पट केले तरी आवाज तीनच डेसिबलने चढतो, म्हणजे जेमतेम जाणवेल एवढा. कानास दुप्पट वाटावा यासाठी वॅट सुमारे दहापट लागतात. तेव्हा २० वॅटांऐवजी ३० वॅटांसाठी अधिक पैसे मोजणे व्यर्थ. तेच पैसे आठऐवजी दहा इंची स्पीकरवर घालावेत.

घरच्या सरावापुरते म्हणाल तर १५–२५ वॅट पुरेत. येथे अडचण आवाज अपुरा पडण्याची नसून शेजाऱ्यांची आहे. खर्ज भिंतीस जुमानत नाही. पलीकडे सूर पोचत नाही, नुसती धमधम पोचते. माळवदाच्या जुन्या घरात तर ती तुळयांतून खाली उतरते. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांत निवासी भागासाठी दिवसा ५५ व रात्री दहा ते सहा ४५ डेसिबलची मर्यादा सांगितली आहे. म्हणून हेडफोनची सोय नसलेला ध्वनिवर्धक घेऊच नये. पेटी कोपऱ्यात ठेवू नये, खर्ज उगाच फुगतो; ती जाड रबरावर वा स्टुलावर ठेवावी.

तालमीत मात्र हिशेब बदलतो, आणि तो ठरवितो ड्रम वाजविणारा. ढोलकी-तबल्याच्या संगतीस ४०–५० वॅट निभावतील. ड्रमपुढे शंभराच्या आसपास वॅट आणि दहा-बारा इंची स्पीकर हवाच. एकच ध्वनिवर्धक घेणे परवडत असेल तर तालमीचा घ्यावा व घरी हळू ठेवावा. लहानाला मोठे करता येत नाही. हळू आवाजात मानवी कानास खर्ज कमी ऐकू येतो, तेवढ्यापुरती खर्जाची कळ किंचित वाढवावी.

राहिले वजन. जुन्या पद्धतीच्या लोखंडी ट्रान्सफॉर्मरांमुळे ही पेटी दोघांनी उचलावी अशी होई. ‘क्लास-डी’ रचनेच्या नव्या पेट्या पुष्कळ हलक्या असतात. दुचाकीवरून नेणाऱ्याने दुकानातच ती एका हाताने जिना चढून नेऊन पाहावी.

खरेदीस, पुण्यास जावे लागले तरी, आपलीच गिटार बरोबर न्यावी. खालची तार मोकळी छेडून प्रथम अगदी हळू, मग तालमीच्या आवाजात ऐकावी. सूर स्पष्ट न उमटता नुसता घुमारा उठला, किंवा पडदा फडफडला, तर ती पेटी तेथेच सोडावी. जुना माल असेल तर जाळी काढावयास सांगून पडद्याची कड बोटाने चाचपावी. ती ठिसूळ झालेली असल्यास किंमत कितीही उतरविली तरी घेऊ नये.