जुन्या पिकअपची नवी वायरिंग

हेडलाइटचा स्विच ओढला की दिवा त्याच क्षणी लागतो. पण त्या क्षणी बॅटरीतून निघालेल्या इलेक्ट्रॉनला दिव्यापर्यंत पोचायला जवळजवळ दोन तास लागतात. एक चौरस मिलिमीटर छेदाची तांब्याची तार, तिच्यातून दोन्ही दिव्यांसाठी जाणारा दहा अँपिअरचा प्रवाह आणि पाच मीटरचं अंतर, एवढं धरून गणित मांडलं तर इलेक्ट्रॉनची सरासरी चाल सेकंदाला पाऊण मिलिमीटरसुद्धा भरत नाही. तरी दिवा ताबडतोब लागतो, कारण तार कधी रिकामी नसतेच. तांब्याच्या एका घन मिलिमीटरमध्ये ८५ वर अठरा शून्यं इतके मोकळे इलेक्ट्रॉन आधीपासून असतात. स्विच ओढताच विद्युतक्षेत्र प्रकाशाशी बरोबरी सांगणाऱ्या वेगाने साऱ्या तारेत पसरतं आणि हा सगळा समुदाय एकाच वेळी सरकू लागतो.

आजच्या मोटारीत हा चमत्कार दडून जातो. तिथे तारांची लांबी किलोमीटरमध्ये मोजावी लागते आणि जागोजागी संगणक बसलेले असतात. जुन्या पिकअपमध्ये मात्र सगळी वीजव्यवस्था नुसत्या डोळ्यांनी वाचता येते. हेडलाइट, डीपर, पार्किंग, ब्रेक लाइट, इंडिकेटर, हॉर्न, वायपर, मीटर, कॉइल, सेल्फ आणि चार्जिंग: मोजून अकरा सर्किट. म्हणूनच अशा गाडीला नवा वायरिंग सेट निवडताना शाळेत पाठ केलेला ओहमचा नियम पहिल्यांदा हाताला लागतो.

आपल्याकडच्या या गाड्यांचा वंश बहुतेक वेळा विलिज कंपनीच्या जीपपर्यंत जातो. १९४५ साली स्थापन झालेल्या महिंद्र कंपनीने त्याच दशकात मुंबईत माझगावला विलिजच्या जीप जोडायला सुरुवात केली. विलिजने १९५६च्या अखेरीस अमेरिकेत एफसी-१५० नावाचा आखूड, चपट्या तोंडाचा पिकअप आणला आणि पुढे महिंद्रने तो भारतातही बनवला. त्याची रचना मोठी नवलाची. ड्रायव्हर जवळजवळ पुढच्या चाकांवर बसतो, समोर बोनेट नाहीच, आणि इंजिन केबिनच्या आत, दोन सीटच्या मधे, एका झाकणाखाली असतं. गाडी आखूड राहून मागे सामानाला भरपूर जागा मिळते. पण इंजिनाची सगळी धग केबिनमध्ये येते, आणि डॅशबोर्डमागच्या तारा त्या धगीच्या अगदी शेजारी असतात.

आता ही गाडी नागपुरात आहे असं समजा. मे २०१३ मध्ये इथे पारा ४७.९ अंशांवर गेला होता. हे तापमान सावलीतलं. उन्हात उभ्या केलेल्या गाडीचा पत्रा आणि इंजिनालगतची हवा त्याहून कितीतरी तापते.

अशा गाडीची जुनी वायरिंग काढून टेबलावर पसरली की तिचा पन्नास वर्षांचा इतिहास समोर येतो. सर्वांत बाहेर इन्सुलेशन टेप. तिचा डिंक उन्हाळ्यात पाझरून चिकट झालेला, त्यावर धूळ बसून काळा थर. टेप सोलली की मूळच्या तारा लागतात, आणि त्यांचे रंग आता एकाच तपकिरी छटेत विरलेले. मधेच एखादी घरगुती वायर, कधीतरी घाईत जोडलेली, दोन टोकं नुसती पिळून. एखादी तार वाकवली की वरचं प्लास्टिक बिस्किटासारखं मोडतं. या प्लास्टिकला लवचीक ठेवणारं द्रव्य उष्णतेने हळूहळू उडून गेलेलं असतं. टोकाशी तांबं लाल दिसत नाही, काळं पडलेलं असतं, आणि काही ठिकाणी हिरवं.

तारेला हे वय येतं ते उष्णतेमुळे, आणि ती उष्णता दोन बाजूंनी येते. एक बाहेरून, हवेतून आणि इंजिनातून. दुसरी तारेच्या आत जन्मते. सरकणारे इलेक्ट्रॉन तांब्याच्या थरथरत्या अणूंवर आपटत पुढे जातात आणि प्रत्येक धडकेत थोडी ऊर्जा अणूंना देतात. किती उष्णता होईल याचा नियम साधा पण कठोर आहे: प्रवाह दुप्पट केला की उष्णता चौपट. एक चौरस मिलिमीटरच्या तारेतून दहा अँपिअर गेले तर दर मीटरला जेमतेम दोन वॅट उष्णता होते. वीस अँपिअर गेले की सातहून जास्त.

इथे वायरिंग सेटच्या पाकिटावरचा सर्वांत महत्त्वाचा आकडा येतो: इन्सुलेशन किती अंश सोसतं. घरातल्या साध्या पीव्हीसी वायरची मर्यादा ७० अंश सेल्सिअस असते. मोटारीच्या वायरींसाठी आंतरराष्ट्रीय मानकात वर्ग ठरलेले आहेत. ‘ए’ वर्ग ८५ अंशांचा, ‘बी’ १०० अंशांचा, ‘सी’ १२५ अंशांचा. उच्च वर्गाच्या वायरींत बऱ्याचदा क्रॉस-लिंक केलेलं पॉलिथिलीन वापरतात. या प्रक्रियेत प्लास्टिकच्या लांबच लांब रेणूंना एकमेकांशी रासायनिक बंधांनी बांधून टाकतात. मग ते तापलं तरी वितळून ओघळत नाही.

हा आकडा नागपुरात किती निर्णायक ठरतो ते एका ढोबळ गणितात दिसतं. ८५ अंशांची वायर एखाद्या थंड देशात २० अंशांच्या हवेत असेल, तर तिला स्वतःच्या उष्णतेसाठी ६५ अंशांची मोकळीक आहे. तीच वायर आपल्या पिकअपमध्ये, इंजिनाशेजारच्या ७० अंशांच्या हवेत असेल, तर मोकळीक उरली फक्त १५ अंश. उष्णता प्रवाहाच्या वर्गाने वाढत असल्यामुळे त्या वायरीची सुरक्षित प्रवाहाची क्षमता जवळपास निम्म्यावर येते. वायर तीच, तांबं तेवढंच, फक्त गाव बदललं. आता १२५ अंशांची वायर घ्या. ७० अंशांच्या हवेतही तिला ५५ अंशांची मोकळीक आहे, म्हणजे ती थंड देशातल्या ८५ अंशांच्या वायरीच्या जवळपास बरोबरीने काम करते. घरगुती ७० अंशांच्या वायरीचं गणित मांडायचीही गरज नाही. तिची मोकळीक इंजिन तापताच शून्यावर आलेली असते.

दुसरा आकडा जाडीचा. दुकानात तो ‘दीड एमएम’, ‘अडीच एमएम’ असा सांगतात. तो तांब्याच्या छेदाचा, चौरस मिलिमीटरमधला आकडा असतो. बारीक तारेत नुसती उष्णताच होत नाही, व्होल्टही गळतात. दोन्ही हेडलाइटचा दहा अँपिअरचा प्रवाह पाच मीटरच्या एक एमएम तारेतून नेला की वाटेत जवळजवळ एक व्होल्ट हरवतो. बारातला एक म्हणजे फार नाही, असं वाटेल. पण फिलामेंटच्या दिव्याचा उजेड व्होल्टेजच्या साधारण साडेतीनाव्या घाताने बदलतो. एक व्होल्ट कमी झाला की पाव हिस्सा उजेड जातो. रात्री अमरावती रोडने किंवा वर्ध्याच्या दिशेने जाताना जुन्या गाडीचे दिवे पिवळट, थकलेले वाटतात, त्यात दिव्यांचा दोष अनेकदा नसतोच. हरवलेला उजेड तारेत उष्णता होऊन बसलेला असतो.

यावरचा उपाय रिले. अंगठ्याएवढ्या डबीत तारेचं एक वेटोळं असतं. त्यातून पाव अँपिअरहूनही कमी प्रवाह गेला की ते चुंबक बनतं आणि तीस अँपिअर पेलणारा जाड संपर्क ओढून जुळवतं. डॅशबोर्डवरच्या जुन्या स्विचकडे मग फक्त इशारा देण्याचं काम उरतं. खरा प्रवाह बॅटरीतून जाड, आखूड तारेने सरळ दिव्याकडे जातो. रिलेच्या पायांवर ३०, ८५, ८६, ८७ असे आकडे असतात. ते जर्मन मानकातून आले आहेत: ३० म्हणजे बॅटरी, ८७ म्हणजे दिव्याकडे, ८५ आणि ८६ म्हणजे वेटोळ्याची दोन टोकं. नागपुरात घाट रोडवरच्या दुकानातला रिले असो की जर्मनीतला, हे आकडे तेच. हेडलाइटसाठी रिले नसलेला सेट घेण्यात अर्थ नाही.

फ्यूजची कल्पना तर याहून सुंदर. संपूर्ण गाडीत तो एकच भाग मुद्दाम दुबळा बनवलेला असतो. बारा व्होल्टच्या बॅटरीचा शॉक लागत नाही म्हणून आपण तिला गरीब समजतो, पण शॉर्ट झाला तर तीच बॅटरी शेकडो अँपिअर ओतते आणि काही सेकंदांत तार लालबुंद होते. फ्यूजमधली जस्ताची चिमुकली पट्टी त्याआधी वितळते आणि वाट तोडते. म्हणून फ्यूजचा आकडा नेहमी तारेवरून ठरतो, दिव्यावरून किंवा हॉर्नवरून नाही. फ्यूज तारेचा रक्षक आहे. जुन्या गाड्यांत फ्यूज दोन-चारच असत. नव्या सेटमध्ये प्रत्येक मुख्य सर्किटला स्वतंत्र फ्यूज हवा, म्हणजे हॉर्नचा बिघाड हेडलाइट बंद पाडणार नाही.

जुन्या पिकअपची एक जागा विशेष धोक्याची: डॅशबोर्डवरचा अँपिअर मीटर. सेल्फ सोडून गाडीचा जवळपास सगळा प्रवाह त्याच्यातून फिरतो. जुन्या डायनामोच्या काळात ते ठीक होतं. आता बहुतेक जण डायनामो आणि कटआउट काढून साठ अँपिअरचा अल्टरनेटर बसवतात, आणि तो सगळा प्रवाह पुन्हा त्याच जुन्या मीटरमधून, त्याच जुन्या तारेतून धावतो. अल्टरनेटर असेल तर त्याच्यापासून बॅटरीपर्यंत थेट जाड तार आणि मीटरच्या जागी व्होल्टमीटर, अशी सोय असलेला सेटच निवडावा.

सेटमध्ये जे सहसा येत नाही तेही आपणच मागून घ्यायचं, ते म्हणजे अर्थिंग. दिव्यातून बाहेर पडलेला प्रवाह बॅटरीकडे परततो तो चासीच्या लोखंडातून. म्हणजे अर्धी वायरिंग गाडीच्या सांगाड्याचीच असते. इंजिन मात्र रबरी माउंटिंगवर बसलेलं असतं आणि रबरातून वीज जात नाही. इंजिन आणि चासी यांना जोडणारी तांब्याची पट्टी तुटली, तर सेल्फचे दीडशे-दोनशे अँपिअर मिळेल त्या वाटेने परततात. कधी ही वाट चोकच्या किंवा ॲक्सिलरेटरच्या केबलमधून जाते आणि ती केबल तापून अडकते. रंग आणि गंज खरवडून, चकचकीत लोखंडावर घट्ट बसवलेल्या दोन-तीन जाड अर्थपट्ट्या हा सर्वांत स्वस्त आणि सर्वांत गुणकारी खर्च आहे.

मग प्रश्न येतो सेटच्या आकाराचा. वायरिंग सेट ही आजही मुख्यतः माणसांच्या हातांनी बनणारी वस्तू आहे. मोठ्या फळीवर खुंट्या ठोकलेल्या असतात, कामगार एकेक तार त्या खुंट्यांमधून ओढून फांद्या पाडतात आणि टेप गुंडाळतात. लवचीक तारा यंत्राला नीट हाताळता येत नाहीत. २०२२ साली युद्धामुळे युक्रेनमधले असे कारखाने बंद पडले, तेव्हा जर्मनीतल्या मोटारींचं उत्पादन खोळंबलं ते याच कारणाने. प्रत्येक फांदीची लांबी एका विशिष्ट गाडीसाठी ठरलेली असते. आपल्या कित्येक जुन्या जीपचं स्टिअरिंग डावीकडे होतं. मागे ‘लेफ्ट हँड ड्राइव्ह’ असं रंगवलेल्या जीप अनेकांना आठवत असतील. उजव्या स्टिअरिंगसाठी बनवलेला सेट अशा गाडीत नेमका स्विचपाशी तोकडा पडतो. म्हणून सेट मागवण्याआधी सुतळी घ्या, बॅटरीपासून प्रत्येक दिव्यापर्यंत चासीच्या वळणांनी ती फिरवा, मापं कागदावर लिहा आणि प्रत्येकात थोडी ढील धरा. तयार सेट जुळत नसेल, तर या मापांवर चांगला ऑटो इलेक्ट्रिशियन सेट बांधून देतो.

खरेदीच्या वेळी दोन परीक्षा डोळ्यांसमोर करून घ्या. पहिली तांब्याची. एक बारीक तंतू ब्लेडने खरवडा. आतून लाल निघाला तर तांबं. वरून लाल आणि आतून पांढरा निघाला तर ते तांब्याचा मुलामा दिलेलं ॲल्युमिनियम. त्याची वहनक्षमता तांब्याच्या साठ टक्क्यांच्या आसपास, आणि थरथरीत ते लवकर तुटतं. दुसरी परीक्षा थिंबलची, म्हणजे तारेच्या टोकाला दाबून बसवलेल्या धातूच्या टोपणाची. चांगलं क्रिम्पिंग केलेलं थिंबल जोरात ओढूनही निघत नाही, कारण दाबाखाली तंतू आणि थिंबल यांचा धातू एकमेकांत घट्ट बसलेला असतो. सोल्डर केलेला जोड दिसायला भक्कम, पण झाळ तंतूंमध्ये चढून तार तिथे ताठ होते आणि खडबडीत रस्त्यावर नेमकी त्या जागी तुटते. वेष्टनासाठी साधी टेप नको. कापडी हार्नेस टेप किंवा खाचांची स्लिव्ह नागपूरचा उन्हाळा काढते.

जुन्या गाडीवर प्रेम करणारे लोक रंग, चाकं, सीट यांवर मन लावून खर्च करतात आणि वायरिंगला शेवटी उरलेले पैसे देतात. हा क्रम उलटा हवा. दुकानात गेल्यावर किमतीआधी दोन प्रश्न विचारा: इन्सुलेशन किती अंशांचं आणि तांबं किती एमएमचं. नागपुरासाठी पहिल्याचं उत्तर १२५ असलं पाहिजे आणि हेडलाइटसाठी दुसऱ्याचं किमान अडीच. या दोन्ही आकड्यांचं सरळ उत्तर मिळत नसेल, तर तो सेट कितीही स्वस्त असला तरी घेऊ नका.