ओसरीतला उजेड

बुलढाणा जिल्ह्यात माणसाला आधी विचारतात, घाटावरचा की घाटाखालचा? चिखली, मेहकर, लोणार घाटावर. शेगाव, नांदुरा, जळगाव जामोद घाटाखाली. रोल भरलेला कॅमेरा घेऊन चेहरे टिपत हिंडणाऱ्याने हाच प्रश्न उजेडालाही विचारावा.

घाटाखाली पूर्णेच्या खोऱ्यात काळी माती. ती ऊन पिऊन टाकते. वाळूत किंवा चुन्याच्या अंगणात उभ्या माणसाच्या हनुवटीखाली जमिनीवरून उजेड उसळतो. काळ्या रानात तो जवळजवळ नसतोच. वरून ऊन, खालून काळोख. भुवयांखाली दोन खळगे, डोळे गायब. मे महिन्याच्या तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात सूर्य इथे भर दुपारी थेट माथ्यावर येतो, तेव्हा तर कॅमेरा पिशवीतच बरा. २२ डिसेंबरला मात्र तो दुपारीही क्षितिजापासून ४६ अंशांच्या आसपासच चढतो. म्हणजे चेहऱ्यांचा हंगाम कापसाच्या वेचणीचाच.

त्यात पांढरी टोपी आणि रापलेला गाल. दोन्ही एका निगेटिव्हवर हवेत, तर मीटर गालावर धरावा. टोपीचं फिल्म बघून घेते, पण सावलीत जे उमटलंच नाही ते डार्करूममध्ये कुठून आणणार? उघड्या उन्हात ४०० स्पीडच्या फिल्मला एफ १६ आणि सेकंदाचा पाचशेवा भाग पुरतो. त्याच माणसाला ओसरीत बसवलं की एफ ४ आणि सव्वाशेवा भाग लागतो. सहा स्टॉप गेले, पण डोळे परत आले. माजघरात शिरलात तर स्टँड हवाच.

जुने फोटोग्राफर तरी वेगळं काय करत होते? बॉम्बे फोटोग्राफिक सोसायटी १८५४ची. भाऊ दाजी लाडांचे बंधू डॉ. नारायण दाजी आणि हरिश्चंद्र चिंतामण हे त्या पिढीतले आपले छायाचित्रकार. तेव्हाच्या ओल्या काचेला काही सेकंद उजेड लागे. माणूस हलू नये म्हणून मानेमागे लोखंडी टेकू लावत. पणजोबांच्या करारी मुद्रेत त्या टेकूचाही वाटा असावा! स्टुडिओला उत्तरेची काच आणि वर मलमलीचे पडदे, म्हणजे विकत घेतलेली ओसरीच. विल्यम जॉन्सनने तर १८६३ ते १८६६ दरम्यान निघालेल्या मुंबईच्या जातीजमातींच्या ग्रंथात माणसं एका जागी टिपली आणि पार्श्वभूमी दुसरीकडची जोडली. त्या काचांना लाल रंग दिसत नसे, म्हणून जुन्या चित्रांत कुंकू काळं आणि तांबडं पागोटंही काळंच.

उजेड जमला तरी पाणी अडवतं. फिल्म धुण्याची रसायनं २० अंशांवर नीट चालतात. घाटाखालच्या उन्हाळ्यात नळाचंच पाणी त्याहून कितीतरी गरम. वेळ कमी करावा, तर पाच मिनिटांच्या आत आल्यावर निगेटिव्हवर डाग धरण्याची भीती. मग परातीत बर्फ आणि परातीत डबा. शिवाय शेगाव, संग्रामपूरकडे खारपाणपट्टा. बोअरच्या पाण्याने शेवटचं खंगाळलं, की फिल्म वाळताना क्षारांचे पांढरे ठिपके नेमके गालावर उमटतात, आणि ते पुसायला गेलं तर ओरखडे.

त्या शेवटच्या पाण्यासाठी मी श्रावणात ओसरीच्या पागोळ्यांखाली कॅन लावून ठेवतो. पहिल्या दोन पावसांचं पाणी धुळीचं, ते सोडून द्यायचं. गेल्या वर्षी दोन कॅन भरले, पौषापर्यंत पुरले.