पंप वाजतो तेव्हा

पेठहून पुणे-नाशिक महामार्गाने अवसरीचा घाट ओलांडला की मंचर लागतं, पुढे नारायणगाव. हा सगळा ऊस, कांदा, बटाटा, टोमॅटोचा पट्टा. रात्रीच्या विजेवर पाणी धरायला गेलेल्या माणसाचा पाय घोणशीवर पडतो, कुणाच्या अंगात फवारणीचं औषध भिनतं, आणि घरची माणसं आयसीयूच्या दारात येऊन उभी राहतात. या भागात सर्पदंशाने कुणी दगावू नये म्हणून नारायणगावचे डॉ. सदानंद राऊत यांनी वर्षानुवर्षं उपचार आणि प्रबोधन दोन्ही चालवलं आहे. साप चावल्यावर मांत्रिकाकडे नव्हे, दवाखान्यात जायचं, हे सांगणारे लोक आपल्याकडे आहेत. पण खाटेशेजारचं यंत्र एकाएकी वाजायला लागलं की काय समजायचं, हे नातेवाइकांना सहसा कुणी सांगत नाही.

ते यंत्र म्हणजे इन्फ्युजन पंप. त्याचे दोन प्रकार नेहमी दिसतात. एकात सलाइनची नळी बसवतात, तर दुसऱ्यात 50 मिलीची सिरिंज आडवी ठेवतात आणि यंत्र तिचा दट्ट्या हळूहळू पुढे ढकलतं. रक्तदाब पार खाली गेलेल्या रुग्णाला नॉरॲड्रेनॅलिन द्यायचं आणि वेग तासाला 3 मिली ठेवायचा आहे, असं समजा. एका मिलीत 60 थेंब पाडणाऱ्या बारीक सेटवर हे मिनिटाला फक्त 3 थेंब होतात, म्हणजे दर वीस सेकंदांनी एक. रात्रभर इतकी अचूक नजर कोण ठेवणार? महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी विंचूदंशावर प्राझोसिनच्या गोळीचा उपाय 1986 साली ‘लॅन्सेट’मध्ये मांडला. त्याआधी ते अशा रुग्णांना सोडियम नायट्रोप्रुसाइड शिरेतून देत, आणि त्यासाठी डॉक्टरला खाटेजवळून हलता येत नसे. थेंबांवरची ही राखण आता पंप करतो. राखणीत काही अडलं की तो वाजतो.

आवाज आणि दिवा यांचा एक आंतरराष्ट्रीय संकेत ठरलेला आहे. लाल दिवा लुकलुकला तर ताबडतोब धावायचं. पिवळा लुकलुकला तर लवकर बघायचं. दिवा न लुकलुकता स्थिर राहिला तर ती फक्त सूचना असते. पडद्यावर कारणही लिहून येतं.

सर्वांत जास्त वेळा येणारं कारण म्हणजे ‘ऑक्लूजन’, अर्थात नळीत अडथळा. रुग्णाने कोपर दुमडलेलं असतं, नळी अंगाखाली दबलेली असते, थ्री-वेची, म्हणजे नळीच्या जोडावरच्या तोटीची, कळ चुकीच्या बाजूला वळलेली असते, किंवा सुईच्या तोंडाशी रक्त गोठलेलं असतं. सिस्टर शोध घेते तो बाटलीपासून हातापर्यंत, क्रमाने. इथे दोन गोष्टी ध्यानात ठेवायला हव्यात. वेग कमी असेल तर नळीत दाब साठायला वेळ लागतो. तासाला 1 मिली वेगाने चाललेला पंप अडथळा आल्यावर अर्धा तास किंवा त्याहूनही उशिरा वाजू शकतो, आणि तोवर औषध थांबलेलंच असतं. दुसरी गोष्ट त्याहून धोक्याची आहे. दबलेली नळी नुसती सरळ केली तर साठलेलं औषध एकदम अंगात जातं. म्हणून जाणकार सिस्टर आधी रुग्णाकडची वाट बंद करते, दाब उतरवते आणि मगच पंप सुरू करते. नातेवाइकांनी नळी ओढून सरळ करू नये ती याच कारणासाठी.

‘एअर इन लाइन’ म्हणजे नळीत हवेचा बुडबुडा. पंप तिथल्या तिथे थांबतो. ‘इन्फ्युजन कम्प्लीट’ म्हणजे ठरलेलं औषध संपलं. त्यानंतर शीर बंद पडू नये म्हणून बरेच पंप अगदी मंद वेगाने चालू राहतात. पंप चालू दिसला तरी औषधाची मात्रा पूर्ण चाललेली नसते. नॉरॲड्रेनॅलिनचा असर काही मिनिटांतच ओसरतो, म्हणून त्याची पुढची सिरिंज आधीच भरून तयार लागते. ‘लो बॅटरी’ची सूचना खेड्यापाड्यात फार मोलाची आहे. वीज गेली की पंप बॅटरीवर चालतो, आणि मंचरहून पुण्याला रुग्ण हलवतानाही भरवसा तिच्यावरच असतो. खाटेजवळचा प्लग काढून तिथे मोबाइलचा चार्जर लावणं हा जिवाशी खेळ आहे.

इतकं असलं तरी पंपाचं लक्ष नळीवर असतं, माणसावर नसतं. सापाच्या विषावरचं प्रतिविष सुरू असताना अंगावर गांधी उठल्या, उलटी झाली, धाप लागली, तरी पंप वाजणार नाही. सुई शिरेतून निसटून हात सुजला तरीही तो बऱ्याचदा गप्पच राहतो. इथे घरच्यांचे डोळे कामाला येतात. हात फुगलाय, अंगाला खाज येतेय, रुग्ण एकदम गप्प झालाय, हे त्याच क्षणी सांगायला हवं.

यंत्रही चुकतं. 2005 ते 2009 या काळात अमेरिकेच्या एफडीएकडे इन्फ्युजन पंपांबाबत सुमारे 56,000 तक्रारी आल्या आणि 87 वेळा पंप परत मागवले गेले. काही पंपांत एकदा दाबलेलं बटण दोनदा दाबल्यासारखं नोंदलं जात होतं. अंक एका घराने वाढला की मात्रा दहापट होते. म्हणून वेग भरल्यावर पडद्यावरचा आकडा मोठ्याने वाचून दुसऱ्याकडून तपासून घ्यायचा, ही शिस्त लहान रुग्णालयांनीही पाळली पाहिजे. भारतात अशा दोषांची नोंद घेण्यासाठी 2015 पासून मटेरिओव्हिजिलन्स कार्यक्रम सुरू आहे. पंप बिघडला तर दुरुस्तीवाल्याला बोलवावंच, पण तिथे कळवावंही.

रुग्णालय चालवणाऱ्यांना एक सांगणं आहे. एका सिस्टरवर दहा खाटा टाकल्या की प्रत्येक गजर तिला कटकट वाटू लागतो, आणि मग खरा गजरही कानाआड होतो. पंप विकत घेताना तो ऐकायला माणूसही नेमा.

आणि तुम्ही खाटेशेजारी बसला असाल तर एवढंच करा. पंप वाजला की आधी रुग्णाकडे बघा, मग दिव्याचा रंग बघा आणि सिस्टरला हाक मारा. बटणाला हात लावू नका. आवाज बंद झाला म्हणजे औषध सुरू झालं असं नसतं. सिस्टर आल्यावर विचारा, “औषध परत चालू झालं ना?” हा प्रश्न विचारायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे.