चरकाचे फेरे आणि उसाची मोळी

सांगली-मिरज रस्त्यावरच्या विश्रामबागेत विलिंग्डन आणि वालचंद अभियांत्रिकी ही दोन जुनी महाविद्यालये आहेत. आसपास शाळाही पुष्कळ. अशा ठिकाणी संगणक कक्ष सांभाळणाऱ्या शिक्षकापुढे एक प्रश्न कधी ना कधी येतोच. कोणीतरी वापरलेला सर्व्हर स्वस्तात देऊ करते. दोन यंत्रे समोर असतात. एकावर २.९३ गिगाहर्ट्‌झ लिहिलेले असते, दुसऱ्यावर २.६. मोठा आकडा तो वेगवान, असे समजून पहिले यंत्र उचलावे का?

हे दोन आकडे मुद्दाम निवडले आहेत. पुण्यातल्या सी-डॅक या संस्थेने २००८ साली 'परम युवा' हा महासंगणक उभारला. त्यात इंटेलचे २.९३ गिगाहर्ट्‌झचे चार गाभ्यांचे झिऑन प्रोसेसर होते; २००७ साली निघालेल्या एक्स-७३५० या जातीचे. २०१३ साली त्याच संस्थेने 'परम युवा-२' उभारला. त्यात आठ गाभ्यांचे ई५-२६७० हे प्रोसेसर बसवले. ते २०१२ साली बाजारात आले होते आणि त्यांचा वेग २.६ गिगाहर्ट्‌झच होता. पाच वर्षांनी आलेल्या चिपचा आकडा कमी का झाला?

आपल्या भागातल्या गुऱ्हाळाचे उदाहरण घेऊ. गिगाहर्ट्‌झ म्हणजे चरक किती वेगाने फिरतो ते. पण निघणारा रस फेऱ्यांवरच ठरत नाही. एका फेऱ्यात किती ऊस आत जातो आणि असे चरक किती आहेत, हेही पाहावे लागते. प्रोसेसरमधला प्रत्येक गाभा म्हणजे एक चरक. जुन्या चिपचा गाभा एका ठोक्यात दशांश अपूर्णांकांच्या दोन बेरजा आणि दोन गुणाकार, म्हणजे चार क्रिया करू शकत असे. नव्यात आकडे ठेवायची जागा १२८ बिटांवरून २५६ बिटांवर गेली. तिथे चाराऐवजी आठ आकडे नव्हेत, तर दोनाऐवजी चार आकडे शेजारी-शेजारी बसू लागले, आणि एका ठोक्यात चार बेरजा व चार गुणाकार अशा आठ क्रिया होऊ लागल्या.

आता हिशेब सोपा आहे. जुनी चिप : ४ गाभे × २.९३ अब्ज ठोके × ४ क्रिया, म्हणजे सेकंदाला सुमारे ४६.९ अब्ज क्रिया. नवी चिप : ८ × २.६ × ८, म्हणजे १६६.४ अब्ज. ठोके कमी, काम साडेतीन पट.

हा गुणाकार खरा आहे की नाही, याचा पडताळाही घेता येतो. परम युवात २८८ संगणक-घटक होते आणि प्रत्येकात चार प्रोसेसर, म्हणजे १६ गाभे. २८८ × १६ × २.९३ × ४ हा गुणाकार मुलांकडून करून घ्या. उत्तर सुमारे ५४,००० अब्ज येते आणि त्या यंत्राची कमाल क्षमता ५४ टेराफ्लॉप्स, म्हणजे ५४ लाख कोटी क्रिया, अशीच जाहीर झाली होती. (परम युवा-२ च्या ५२४ टेराफ्लॉप्सचा हिशेब मात्र या रीतीने जुळणार नाही. त्यातला मोठा वाटा झिऑन फाय नावाच्या सहप्रोसेसरांचा होता. यंत्रांची तुलना आणि चिपांची तुलना यांत गल्लत करू नये.)

ठोके वाढवणे का थांबले? कारण उष्णता. ठोके वाढवायचे तर चिपला सहसा जास्त व्होल्टेज द्यावे लागते, आणि खर्च होणारी वीज व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. २००४ साली इंटेलने ४ गिगाहर्ट्‌झचा पेंटियम-४ काढण्याचा बेत सोडून दिला, तेव्हापासून भर गाभे वाढवण्यावर आला. जुन्या एक्स-७३५० ची उष्णतेची मर्यादा १३० वॉट, नव्या ई५-२६७० ची ११५.

शाळेच्या दृष्टीने माझ्या मते हाच आकडा सर्वांत महत्त्वाचा. चार जुन्या चिपांचा सर्व्हर पूर्ण भाराने चालला तर केवळ प्रोसेसरच ५२० वॉटपर्यंत वीज खातील आणि कमाल १८७.५ अब्ज क्रिया करतील. एकच नवी चिप ११५ वॉटमध्ये १६६ अब्ज करते. फरक ४०५ वॉटचा. सर्व्हर रात्रंदिवस तसाच चालू राहिला तर वर्षाला सुमारे ३,५५० युनिट. फुकट मिळालेले यंत्रही असे महाग पडते. यात पंख्यांची आणि वातानुकूलनाची वीज धरलेलीच नाही.

पण साडेतीन पट हा आकडाही जसाच्या तसा मान्य करू नका. चरक कितीही मोठा असला तरी उसाच्या गाड्या वेळेवर यायला हव्यात. ई५-२६७० ला मेमरीकडून सेकंदाला जास्तीत जास्त ५१.२ अब्ज बाइट मिळतात. एक अपूर्णांक आठ बाइटांचा, म्हणजे ६.४ अब्ज आकडे. समजा, दोन लांबलचक याद्यांची ओळीने बेरीज करायची आहे. दर बेरजेला दोन आकडे आणायचे, एक परत ठेवायचा. मग सेकंदाला जेमतेम २.१ अब्ज बेरजा होतील. क्षमता १६६ अब्जांची आणि काम सव्वा-दीड टक्का! बाकी वेळ चरक रिकामा फिरतो.

याउलट, आणलेला आकडा पुन्हा पुन्हा वापरता आला तर चित्र पालटते. महासंगणकांची क्रमवारी ज्या लिनपॅक चाचणीने लावतात, तिच्यात एकसामयिक समीकरणांची प्रचंड मोठी मांडणी सोडवायची असते. समीकरणे दुप्पट केली तर आकडे चौपट होतात, पण आकडेमोड आठपट. म्हणूनच परम युवाला त्या चाचणीत ५४ पैकी सुमारे ३८ टेराफ्लॉप्स गाठता आले. निकालपत्रकाच्या कामात तेवढे प्रमाण कधीच मिळणार नाही.

दुसरी अडचण जीन अमडाल यांनी १९६७ मध्येच दाखवून दिली होती. एका गाभ्याला १०० मिनिटे लागणारे काम घ्या. त्यातली १० मिनिटे वाटून देता येत नाहीत. चार गाभ्यांवर ते ३२.५ मिनिटांत होईल. आठांवर १६ मिनिटांत नव्हे, तर २१.२५ मिनिटांत. शाळेत वापरायचे बरेच कार्यक्रम तर एकाच गाभ्यावर चालतात. त्यांच्यापुढे बाकीचे सात गाभे नुसते बसून राहतात.

हे वर्गात करून पाहता येते. चाळीस चिठ्ठ्यांवर प्रत्येकी एक दोन-अंकी गुणाकार लिहा. एका मुलाने चिठ्ठ्या एकेक करून वाटायच्या आणि उत्तरे गोळा करायची. आधी चार मुले बसवून वेळ नोंदवा, मग आठ. नंतर गुणाकारांऐवजी एक-अंकी बेरजा देऊन तेच करा. आठ मुलांपैकी कितीजण वाटणाऱ्याची वाट पाहत बसतात, ते मोजून फळ्यावर लिहा. तिसऱ्या खेपेला एकेक चिठ्ठी न देता पाच-पाचांचे गठ्ठे द्या आणि वेळ पुन्हा मोजा.