खाऱ्या पाण्यातले पाहुणे

बालदोस्तांनो, एक प्रश्न विचारतो. माशाला तहान लागते का हो?

पाण्यातच राहणाऱ्याला कसली आलीय तहान, असं म्हणून तुम्ही हसाल. पण समुद्रातला मासा सारखा पाणी पीत असतो, बरं का! आई लोणच्यासाठी कैरीच्या फोडींना मीठ लावून ठेवते, तेव्हा थोड्या वेळानं काय होतं? फोडींना पाणी सुटतं. बाहेर मीठ जास्त झालं की आतलं पाणी बाहेर पडतं. समुद्रातल्या माशाचंही तसंच आहे. त्याच्या अंगातलं पाणी सतत बाहेर ओढलं जातं, म्हणून तो खारं पाणी पितो आणि जास्तीचं मीठ कल्ल्यांवाटे बाहेर टाकतो. नदीतल्या, विहिरीतल्या माशाचं नेमकं उलटं. त्याच्या अंगात पाणी आपोआप शिरतं, मनुका भिजून फुगते तसं. त्यामुळे त्याला पाणी प्यावंच लागत नाही. म्हणून समुद्रातला मासा हौदात सोडला, तर तो जगत नाही.

हे सगळं आज का सांगतोय? 'फाइंडिंग नेमो' हा सिनेमा २००३ साली आला. तेव्हापासून नारिंगी अंगावर तीन पांढरे पट्टे असलेला तो चिमुकला मासा मुलांच्या मनात जाऊन बसलाय. आमचं पिंपळगाव रेणुकाई हे जालना जिल्ह्यात भोकरदन तालुक्यात आहे, हिरव्या मिरचीच्या बाजारासाठी प्रसिद्ध. समुद्र इथून चारशेच्या आसपास किलोमीटर दूर! तरी वर्गात प्रश्न येतोच, "सर, नेमो घरी पाळता येतो का?"

येतो. पण मासा आणायच्या आधी त्याचा समुद्र घरी बनवावा लागतो.

मुंबईचं तारापोरवाला मत्स्यालय १९५१ साली सुरू झालं, ते मरीन ड्राइव्हवर, समुद्राला अगदी लागून. आपल्याकडे कुठला आलाय समुद्र? मग तो बादलीत कालवायचा! समुद्राच्या एक लिटर पाण्यात साधारण ३५ ग्रॅम क्षार असतात. म्हणजे १०० लिटरच्या काचेच्या पेटीला किती मीठ लागेल? करा बघू गुणाकार. साडेतीन किलो! पण स्वयंपाकघरातलं मीठ चालत नाही. समुद्राच्या पाण्यात मॅग्नेशियम, कॅल्शियम, पोटॅशियम असे कितीतरी क्षार असतात. ते सगळे असलेलं मत्स्यालयाचं खास मीठ विकत मिळतं. ते शुद्ध पाण्यात मिसळायचं. बोअरचं जड पाणी नको. आर.ओ. यंत्राचं पाणी चांगलं, पण एक लिटर शुद्ध पाण्यामागे दोन-तीन लिटर पाणी वाया जातं. उन्हाळ्यात टँकरची वाट बघणाऱ्या गावात हा हिशेब आधी करायला हवा, असं माझं स्पष्ट मत आहे. ते वाया जाणारं पाणी धुण्याभांड्याला वापरता आलं तर ठीक.

आता एक कोडं. मे महिन्यात पेटीतलं पाणी दोन बोटं खाली गेलं. वरून भर घालायची ती खाऱ्या पाण्याची की गोड्या? पटकन उत्तर देऊ नका. मिठागरात काय होतं ते आठवा. पाणी उडून जातं, मीठ मागे राहतं. म्हणजे पेटीतलं मीठ तेवढंच आहे, फक्त पाणी कमी झालंय. तेव्हा भर गोड्या पाण्याची! खाऱ्याची घातलीत, तर पेटी दिवसेंदिवस जास्तच खारट होत जाईल.

पेटी १०० लिटरपेक्षा लहान घेऊ नका. लहान पेटी सोपी वाटते, पण पेलाभर पाणी जसं चटकन तापतं आणि चटकन निवतं, तसं लहान पेटीतलं सगळंच झटपट बिघडतं. पाणी २४ ते २७ अंश सेल्सियस राहायला हवं. आमच्याकडे उन्हाळ्यात पारा चाळिशी ओलांडतो, तेव्हा पेटी घरातल्या सगळ्यांत थंड खोलीत ठेवायची आणि पाण्यावर पंखा सोडायचा. हिवाळ्यात हीटर लागतो. आणि वीज गेली तर? पाणी खेळतं राहिलं नाही की माशांना प्राणवायू कमी पडतो. म्हणून बॅटरीवर चालणारा हवेचा पंप आधी घ्या, मासा नंतर.

एवढं झालं, तरी लगेच मासा सोडायचा नाही! माशाच्या शिटातून आणि उरलेल्या खाण्यातून अमोनिया नावाचं विष तयार होतं. ते खाऊन टाकणारे जिवाणू दगडांवर, वाळूत हळूहळू वाढतात. काही जिवाणू अमोनियाचं नायट्राइट करतात, दुसरे नायट्राइटचं नायट्रेट करतात. नायट्रेट त्यामानानं सौम्य, ते पाण्याचा थोडा थोडा भाग बदलून कमी करता येतं. हे जिवाणू पुरेसे वाढायला चार ते सहा आठवडे लागतात. तोवर रिकाम्या पेटीत माशांच्या खाण्याची चिमूट टाकायची, ती कुजते आणि जिवाणूंना खाद्य मिळतं. बहुतेकांची गाडी इथंच घसरते. पेटी सोमवारी आणतात, मासा मंगळवारी, आणि रविवारी घरात रडारड!

आता प्रवाळांचं बघू. सिनेमातला नेमो प्रवाळांच्या रंगीत बागेत राहतो. तशी बाग आपल्या महाराष्ट्रातही आहे, मालवणला सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपासच्या समुद्रात. तो भाग १९८७ साली सागरी अभयारण्य म्हणून जाहीर झाला. प्रवाळ हा दगड नव्हे. ती असंख्य इवल्या प्राण्यांची वसाहत असते आणि ती फार सावकाश वाढते. म्हणून दगडी प्रवाळांना आपल्याकडे २००१ पासून वन्यजीव संरक्षण कायद्यात वाघाच्या यादीत जागा आहे. समुद्रघोड्यालाही आहे. ते पकडणं, तोडणं, विकणं गुन्हा आहे. कुणी "आपल्या समुद्रातलं खरं प्रवाळ देतो" म्हणालं, तर हात जोडून निघून या. पेटीत कोरडे सच्छिद्र दगड रचून गुहा करा. माशाला लपायला जागा हवी असते, ती खऱ्या प्रवाळाचीच हवी असा त्याचा हट्ट नसतो.

मासे कोणते? पहिला मान विदूषक माशाचा, म्हणजे आपल्या नेमोचाच. लांबी जेमतेम आठ-दहा सेंटीमीटर, खाण्यात नखरे नाहीत, स्वभाव धीट. समुद्रात तो समुद्रफुलाच्या डंख मारणाऱ्या सोंडांमध्ये राहतो, पण पेटीत समुद्रफुलाशिवायही मजेत राहतो. महत्त्वाचं म्हणजे तो समुद्रातून पकडून आणावा लागत नाही. केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेच्या शास्त्रज्ञांनी केरळातल्या विळिंजम आणि तमिळनाडूतल्या मंडपम केंद्रांत या माशांची टाक्यांमध्ये पैदास करून दाखवली. महाराष्ट्रातही ऐरोलीला कांदळवन प्रतिष्ठानच्या केंद्रात असं काम झालं आहे. टाकीत जन्मलेला मासा पहिल्यापासून दाणे खायला शिकलेला असतो. समुद्रातून पकडलेला मात्र घाबरलेला, भुकेला आणि कधी कधी आजारीही असतो. फिलिपीन्स, इंडोनेशियात तर काही जण पाण्यात सायनाइड फवारून मासे गुंगवून पकडत आले आहेत. त्यानं मासाही खंगतो आणि प्रवाळही मरतं.

विदूषक माशांची जोडी घ्या. दोघांत मोठी असते ती मादी. ती मेली तर गंमत ऐका, नर हळूहळू मादी होतो! सिनेमावाल्यांनी हे मात्र सांगितलं नाही.

दुसरा पाहुणा गोबी. यातल्या काही जाती एका कोळंबीशी भागीदारी करतात. कोळंबीला नीट दिसत नाही, पण ती बीळ खणण्यात पटाईत. गोबी बिळाच्या दारात राखण बसतो. कोळंबी आपली मिशी त्याच्या अंगाला लावून ठेवते. धोका दिसला की गोबी शेपटी हलवतो आणि दोघंही बिळात! अशी जोडी मिळाली तर तासन् तास बघत बसाल. १०० लिटरला तीन-चार लहान मासे पुष्कळ झाले, तेही एकदम नाही, एकेक करून, मध्ये काही आठवडे जाऊ देऊन. पेटीवर जाळी हवीच, काही मासे उड्या मारतात.

काही मासे दिसायला देखणे, पण नवशिक्यानं घेऊच नयेत. 'डोरी' म्हणून ओळखला जाणारा निळा मासा वाढून फूटभर होतो, त्याला आपली पेटी म्हणजे कोंडवाडा. रंगीबेरंगी मँडरिन मासा दिवसभर दगडांवरचे बारीक जिवंत किडे टिपतो. ते संपले की समोर दाणे असूनही बहुधा उपाशी मरतो. फुलपाखरू माशांच्या बऱ्याच जाती प्रवाळच खातात. डॅमसेल मासा स्वस्त आणि काटक, दुकानदार तोच पुढे करतो, पण मोठा झाला की वर्गातल्या दांडगट पोरासारखा सगळ्यांना कोपऱ्यात घालतो.

आमच्या मिरचीबाजारात जाणता व्यापारी वरचा रंग बघून बोली लावत नाही, पोत्यात हात घालून तळची मिरची बघतो. मासाही तसाच पारखा. डोळे स्वच्छ हवेत, पोट खपाटीला गेलेलं नको, अंगावर मिठाच्या कणांसारखे पांढरे ठिपके नकोत, श्वास धापा टाकल्यासारखा नको. आणि दुकानदाराला सांगा, "काका, याला जरा खायला घाला ना, बघू द्या." जो मासा दुकानात खात नाही, तो घरी येऊन खाईल याची खात्री नाही. तो टाकीत जन्मलाय की समुद्रातून आणलाय, हेही विचारा. घरी आल्यावर पिशवी पंधरा-वीस मिनिटं पाण्यावर तरंगत ठेवा आणि मग पेटीतलं पाणी थोडं थोडं पिशवीत घालून त्याला सवय होऊ द्या.

आता जेवणाचं. गावच्या तळ्यावर आपण माशांना कणकेच्या गोळ्या, मुरमुरे टाकतो. पेटीत हे अजिबात नको! कणीक पाण्यात फुगते, कुजते आणि पुन्हा तो अमोनिया आलाच. विदूषक मासा समुद्रात बारीक जीव आणि शेवाळ दोन्ही खातो. म्हणून त्याला समुद्री माशांसाठीचे बारीक दाणे रोज द्यायचे आणि आठवड्यात दोन-तीनदा बर्फात गोठवलेले आर्टेमिया किंवा मायसिस हे इवले झिंगे. गोठवलेलं खाणं वाटीत वितळवून, गाळणीत धुऊन मगच पेटीत टाकायचं. ताजी कोळंबी मिळाली तर अगदी बारीक चिरून चालते. मात्र मीठ-हळद लावायच्या आधीची हं!

आर्टेमिया तुम्ही घरी जन्माला घालू शकता. त्याची अंडी वाळूसारखी कोरडी असतात आणि कोरडी राहिली तर वर्षानुवर्षं टिकतात. खाऱ्या पाण्याच्या बाटलीत चिमूटभर अंडी टाका, हवेची नळी सोडा, उबदार जागी ठेवा. दीड दिवसात हजारो ठिपके पोहायला लागतात! टरफलं वेगळी करून ते पिल्लू माशांना द्या, शिकार कशी करतात ते दिसेल.

आणि किती द्यायचं? माशाचं पोट साधारण त्याच्या डोळ्याएवढं असतं, असं समजून चाला. दिवसातून दोनदा, दोन मिनिटांत संपेल एवढंच. तुम्ही जवळ गेलात की मासे काचेशी येऊन नाचतील, त्यांना भुलू नका! धडधाकट मासा एखादा दिवस उपाशी सहज राहतो. आठवड्यातून एक वार त्यांचा उपवास ठेवला तरी चालतो. साबुदाण्याची खिचडी मात्र देऊ नका!

पालकहो, दोन शब्द तुमच्यासाठी. नीट सांभाळलेला विदूषक मासा दहा-वीस वर्षंही जगतो. आज चौथीत असलेली मुलगी कॉलेजला जाईल, तेव्हा तो घरात असेल आणि त्याचं पाणी बदलायचं काम तुमच्याकडे आलेलं असेल. विजेचा, मिठाचा खर्चही चालूच राहतो. म्हणून आधी वर्षभर गोड्या पाण्यात गप्पी मासे पाळून बघा. ते डासांच्या अळ्या खातात, खर्च जवळजवळ शून्य. पोरांचा उत्साह वर्षभर टिकला, तर खाऱ्या पाण्याचा विचार जरूर करा.

आणि दिवाळीच्या सुट्टीत मामाच्या गावाला जाताना? शेजाऱ्यांकडे खाण्याचा डबा देऊन जाऊ नका. प्रेमापोटी ते मूठभर टाकतात. चिमूट चिमूट दाण्यांच्या कागदी पुड्या बांधा, प्रत्येकीवर वार लिहा आणि उरलेला डबा कपाटात कुलूप लावून ठेवा.