घोडीवर कोणते खोगीर? विद्युत गिटारच्या सॅडलची निवड

तंतुवाद्याच्या ज्या भागाला इंग्रजीत ‘ब्रिज’ म्हणजे पूल म्हणतात, त्याला मराठी वादक पूर्वापार ‘घोडी’ म्हणत आले आहेत. विद्युत गिटारच्या घोडीवर प्रत्येक तारेखाली जो लहानसा तुकडा बसवलेला असतो, त्याचे नाव मात्र ‘सॅडल’, म्हणजे खोगीर. पुलावर खोगीर चढवण्याची कल्पना इंग्रजीत थोडी विचित्रच ठरते. मराठीत ती चपखल बसते. घोडी आहे, तिच्यावर खोगीर आहे आणि खोगिरावर तार स्वार आहे. ही स्वारी डळमळली की काय होते, हे तियात्राच्या किंवा लग्नसमारंभाच्या मंचावर गिटार वाजवणाऱ्या प्रत्येक गोमंतकीय वादकाला ठाऊक असते. ऐन गाण्यात तार तुटते, वरच्या पडद्यांवर स्वर कीबोर्डशी फटकून वागतात, किंवा एखादी मोकळी तार सतारीसारखी झणझणू लागते. मग कोणीतरी सल्ला देतो, ‘सॅडल बदलून टाक’. पण कोणते घ्यायचे, या प्रश्नापाशी सल्लागारही अडखळतो.

या प्रश्नाचे उत्तर गावागणिक बदलते, हे अनेकदा लक्षात घेतले जात नाही. गोव्याशी तुलना करायला इंदूरचे परदेशीपुरा घेता येईल. मंगेशीशी कुळाचे नाते असलेल्या लता मंगेशकरांचा जन्म १९२९ साली ज्या शहरात झाला, त्या शहराचा हा गिरणगावाचा भाग. गिरण्यांचे भोंगे थांबून बराच काळ लोटला, तरी अनंत चतुर्दशीला गिरण्यांच्या झांक्या आजही निघतात आणि नवरात्रात परदेशीपुऱ्यात कनकेश्वरीचा गरबा रंगतो. समुद्रसपाटीपासून साधारण साडेपाचशे मीटर उंचीवरचे, समुद्रापासून शेकडो किलोमीटर आत असलेले हे ठिकाण. तिथे वैशाखात हवा इतकी कोरडी होते की लाकूड आक्रसते. इथे पणजीत वा मडगावात त्याच महिन्यात गिटारच्या स्क्रूंवर खारट दमटपणा बसलेला असतो. एकाच कारखान्यातून निघालेल्या दोन जुळ्या गिटारी या दोन गावी पाच वर्षे वाजवल्या, तर त्यांच्या सॅडलची दुखणी वेगवेगळी निघतील.

सॅडलची कामे तीन. तारेची कंप पावणारी लांबी जिथे संपते, ते टोक निश्चित करणे. तारेची उंची ठरवणे. आणि पुढे-मागे सरकून स्वर अचूक करणे. तार पडद्यावर दाबली की ती किंचित ताणली जाते आणि स्वर थोडा चढतो. ही चढ भरून काढण्यासाठी प्रत्येक तार गणिती लांबीपेक्षा जराशी लांब ठेवावी लागते, आणि हे ‘जरासे’ दर तारेला निराळे असते. जाड व ताठ तारेला अधिक, बारीक तारेला कमी.

पहिल्या कामाचे मर्म कळण्यासाठी मिरजेकडे पाहावे. २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळालेल्या तिथल्या सतारी आणि तानपुऱ्यांच्या घोडीचा माथा रुंद व अतिशय सौम्य उताराचा असतो. तार त्या उतारावर लोळते, कंप पावताना पुन्हा पुन्हा त्याला स्पर्श करते आणि त्यातून ते भरदार, गुंजणारे स्वरवलय उठते. हीच जवारी. कारागीर कानस फिरवून ती खुली की बंद ठेवायची हे ठरवतो. तिथे घोडी स्वर घडवते. विद्युत गिटारमध्ये नेमके उलटे अपेक्षित असते. तारेने सॅडलची एकच कड सोडावी आणि तिथून थेट निघावे. तिने कुठेही लोळू नये. सॅडलची खाच झिजून लांबट व सपाट झाली की गिटारला नको असताना जवारी लागते. मोकळ्या तारेची झणझण ही बहुधा याच झिजेची खूण असते, अर्थात माथ्याकडच्या नटची खाच खोल गेलेली नसेल तर. पडद्यावर तार दाबूनही झणझण कायम राहिली तर संशय सॅडलवर, दाबताच थांबली तर नटवर. १९६७ साली अमेरिकेत ‘कोरल’ या नावाने विद्युत सतार बाजारात आली. तिच्या निर्मात्यांनी गिटारच्याच धडावर मुद्दाम रुंद, सपाट घोडी बसवून हा दोष गुण म्हणून विकला!

आता बाजारातील सर्वांत मोठ्या वादाकडे, म्हणजे धातूकडे. पितळी सॅडल ‘उबदार’, पोलादी ‘चमकदार’, टायटॅनियमचे ‘मोकळे’, अशी विशेषणे विक्रेत्यांच्या जाहिरातींत ओसंडून वाहतात. फरक अजिबात नसतो असे म्हणणे अन्यायाचे होईल. नायलॉनचे सॅडल काढून पोलादी बसवले तर आघाताच्या क्षणीची धार बदललेली जाणकार कानाला कळते. पण विद्युत गिटारचा आवाज पिकअपमधील चुंबकाजवळ पोलादी तार हलल्याने निर्माण होतो. तारांचे वय, नखीची जाडी, पिकअपची तारेपासूनची उंची आणि पुढे जोडलेला अ‍ॅम्प्लिफायर यांचा वाटा त्यात कितीतरी मोठा. महिनाभर घाम प्यायलेल्या तारा तशाच ठेवून केवळ सुराच्या आशेने महागडे सॅडल मागवणे म्हणजे भिंतीचा पोपडा न काढता रंग देणे. धातूची निवड सुरासाठी नव्हे, टिकाऊपणासाठी करावी. सुराचा विचार सर्वांत शेवटी.

सर्वांत आधी येते ते माप. फेंडर पद्धतीच्या गिटारीत याचे घोटाळे अधिक होतात. १९५४ साली आलेल्या स्ट्रॅटोकास्टरने प्रत्येक तारेला स्वतंत्र सॅडल दिले. जुन्या पद्धतीच्या घोडीत पहिल्या आणि सहाव्या सॅडलच्या स्क्रूंमधील अंतर सुमारे ५६.४ मिलिमीटर असते, म्हणजे शेजारच्या दोन स्क्रूंत सुमारे ११.३. दोन खांबांवर डोलणाऱ्या आधुनिक घोडीत ते ५२.४ आणि १०.५ असते. आशियाई बनावटीच्या अनेक घोड्या ५४ मिलिमीटरच्या, म्हणजे १०.८ च्या. हा फरक नखाच्या जाडीएवढा, पण १०.८ रुंदीचे सहा सॅडल १०.५ च्या घोडीवर कोंबले की ते एकमेकांना रेटतात आणि तिरके बसतात. म्हणून मागवण्यापूर्वी दोन टोकांच्या स्क्रूंचे मध्य ते मध्य अंतर मोजावे आणि पाचाने भागावे, सहाने नव्हे. स्क्रूंचे आटेही पाहावेत. अमेरिकी गिटारींत इंची आटे असतात, इतरत्र बहुधा तीन मिलिमीटरचे. दोन्ही इतके जवळचे की चुकीचा स्क्रू दोन फेरे आत जातो आणि मग अडकतो. तिथे जोर लावणारा हात सॅडल कायमचे बिघडवतो.

गिब्सन घराण्याची ‘ट्यून-ओ-मॅटिक’ घोडीही १९५० च्या दशकातलीच. तिच्यात सहा सॅडल एका पट्टीत बसलेले असतात आणि उंची सुटी सुटी बदलता येत नाही. साऱ्या पट्टीचीच वर-खाली हालचाल होते. तिचे सुटे सॅडल पुष्कळदा खाचेविना येतात. खाच कानशीने घ्यावी लागते, तीही तारेच्या जाडीच्या निम्म्याच खोलीची. हे काम घरच्या सुरीने करू नये. सवय नसेल तर अनुभवी दुरुस्तीकाराकडे सोपवावे.

टेलीकास्टरची गोष्ट थोडी थांबून सांगण्यासारखी आहे. लिओ फेंडर यांनी १९५० च्या सुमारास आणलेल्या या गिटारीच्या घोडीवर तीनच सॅडल होते, पितळेचे, नळीच्या आकाराचे, प्रत्येकी दोन तारा पेलणारे. दोन तारांना दोन वेगळ्या लांब्या हव्या असतात आणि खोगीर मात्र एक. त्यामुळे एक तार किंचित चढी तर दुसरी किंचित उतरी राहते. सहा सॅडलची घोडी बसवली की हा तिढा सुटतो. तरीही तीन नळ्यांवर जीव टाकणारे वादक जगभर आहेत. दोन तारांचा एकत्रित दाब पडल्याने नळी जागची हलत नाही आणि आघात ठाम उमटतो, असे ते सांगतात, आणि त्यात तथ्य आहे. यावर मधला मार्ग म्हणजे तिरप्या अथवा पायरीदार नळ्या. त्यांत दोन तारांसाठी दोन टेकू ठेवलेले असतात, आणि बहुतेक मंचीय वादनाला त्या पुरतात. मात्र जो वादक कीबोर्ड आणि ट्रम्पेटच्या सोबतीने बाराव्या पडद्याच्या वर सुरावट वाजवतो, त्याने सहाच घ्यावेत; तिथे चूक लपत नाही.

तारा तुटतात म्हणून सॅडल बदलायचे असेल, तर आधी तुटलेल्या तारेचा तुकडा पाहावा. ती खुंटीपाशी तुटली असेल तर सॅडलला दोष देण्यात अर्थ नाही. सॅडलवरच आणि पुन्हा पुन्हा एकाच जागी तुटत असेल, तर तिथे धातूची बारीक धार उभी आहे. जुन्या जाड तारेला हजार नंबरचा पॉलिश पेपर गुंडाळून ती धार अलगद घासली, तर नव्वद रुपयांचे काम नऊशेचे होत नाही. एवढ्याने भागले नाही तर ग्राफाइटयुक्त संमिश्राचे सॅडल उपयोगी पडतात. त्यांत घर्षण कमी करणारे द्रव्य मिसळलेले असते आणि तार त्यावर सहज घसरते. हे सॅडल वीजवाहक नसले तरी तारेचे टोक धातूच्या ठोकळ्याला टेकलेले असल्याने अर्थिंग सहसा तुटत नाही. बसवल्यावर गुणगुण वाढलेली वाटली तर तेवढे तपासावे. बिग्सबीसारखा हलका झुलता दांडा असलेल्यांना फिरत्या चाकांचे सॅडल चालतात. फ्लॉइड रोझ पद्धतीत मात्र तार सॅडलमध्येच शिकंज्यासारखी आवळलेली असते. तिथे सॅडल त्याच कारखान्याच्या त्याच प्रकारचेच घ्यावे लागते, निवडीला फारशी जागा नाही.

आता हवा. गोव्यात स्वस्त सॅडलचा मुख्य शत्रू मीठ. मुलामा दिलेल्या साध्या पोलादाचा मुलामा तारेखाली सर्वांत आधी उडतो आणि तिथूनच गंज शिरतो. जस्ताच्या ओतीव सॅडलवर पांढरी भुकटी धरते. पितळ काळवंडते, कधी हिरवट होते, पण पोलादासारखे गंजत नाही. गंजरोधी पोलाद आणि टायटॅनियम किनाऱ्यावर उत्तम. पैकी टायटॅनियमची किंमत त्याच्या लाभापेक्षा जास्त आहे. एक बारीक गोष्ट पुष्कळदा निसटते. जस्ताच्या सॅडलमध्ये गंजरोधी पोलादाचे स्क्रू बसवले तर खारट ओलाव्यात दोन धातूंमध्ये सूक्ष्म विद्युत्क्रिया सुरू होते आणि तिच्यात जस्त खाल्ले जाते. स्क्रू चकाकत राहतो आणि त्याच्याभोवतीचा आटा पोकळ होतो. पितळासोबत हा धोका खूप कमी. म्हणून किनारी तालुक्यांत मंचावर वाजवणाऱ्यासाठी पितळी सॅडल आणि गंजरोधी स्क्रू ही जोडी खर्चाच्या मानाने सर्वांत शहाणपणाची.

परदेशीपुऱ्यातील वादकाला एवढी काळजी नको. साधे वाकवलेले पोलादी सॅडल त्याच्याकडे वर्षानुवर्षे टिकतील. त्याची अडचण दुसरी. उन्हाळ्यात आक्रसलेली आणि श्रावणात फुगलेली मान तारांची उंची बदलते आणि त्याला वर्षातून दोन-तीनदा सॅडल वर-खाली करावे लागते. त्याने धातूपेक्षा स्क्रूंच्या लांबीकडे पाहावे. स्क्रू आखूड असेल तर उंची मिळत नाही, लांब असेल तर त्याचे टोक वर येऊन तळहाताला टोचते आणि तळहात तारांवर टेकवून बंद आवाजात वाजवणाऱ्याला ते असह्य होते. शिवाय नवरात्रात नऊ रात्री सलग वाजवणाऱ्याच्या हातून जो घाम सॅडलवर ठिबकतो, तोही खाराच. समुद्र नसला तरी मीठ तिथेही पोहोचतेच. वादनानंतर कोरड्या सुती कापडाने घोडी पुसणे आणि दोन महिन्यांतून एकदा टाचणीच्या टोकाने स्क्रूवर हलक्या तेलाचा थेंब सोडणे दोन्ही गावांना सारखेच लागू.

नवे सॅडल बसवताना सहाही एकदम काढू नयेत. आधी घोडीचे छायाचित्र घ्यावे, मग एकेक तार सैल करून एकेक सॅडल बदलावे. नव्या तारा चढवून सुरात लावाव्यात. बाराव्या पडद्यावर हलका स्पर्श करून निघणारा स्वरांश आणि तीच तार तिथे दाबून निघणारा स्वर यांची ट्यूनरवर तुलना करावी. दाबलेला स्वर चढा असेल तर सॅडल मागे, उतरा असेल तर मानेकडे. आणि दर खेपेला तार पुन्हा सुरात लावून मगच मोजावे. काम पुरे झाल्यावर सॅडल एका सरळ रेषेत दिसणार नाहीत. पहिले मानेच्या सर्वांत जवळ, दुसरे त्याच्या मागे, तिसरे आणखी मागे. चौथे एकदम पुढे आलेले आणि तिथून पाचवे-सहावे पुन्हा मागे सरकलेले, अशा दोन पायऱ्यांच्या रांगा दिसतात. तिसरी तार गुंडाळी नसलेली व जाड, तर चौथीचा गाभा तिच्याहून बारीक, म्हणून ही उडी पडते. सहावे सॅडल मागे जाता जाता स्प्रिंगला टेकले आणि स्वर अजूनही चढाच असेल, तर स्प्रिंग कापून आखूड करावी. त्यानंतरही जागा पुरली नाही तर दोष सॅडलचा नसून घोडीच पुढे बसवली गेली आहे.