तुळशी तलाव: मुंबईत असूनही त्याच्या काठावर का जाता येत नाही?

दर पावसाळ्यात एक बातमी हमखास येते: 'तुळशी तलाव भरून वाहू लागला'. हा तलाव बोरिवलीच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात, दाट जंगलाने वेढलेला आहे. लोकल स्टेशनपासून तो फार लांब नाही. तरीही बहुतेक मुंबईकरांनी तो फक्त बातमीतल्या फोटोतच पाहिलाय. असं का?

तलाव बांधला कशासाठी?

तुळशी हा नैसर्गिक तलाव नाही. १८५४ मध्ये मुंबईत पाण्याची तीव्र टंचाई झाली. त्यानंतर मिठी नदीच्या खोऱ्यात विहार तलाव बांधला गेला आणि १८६० मध्ये शहराला नळाने पाणी मिळू लागलं. शहर वाढलं, तसं तेही अपुरं पडलं. मग १८७९ मध्ये तुळशी तलाव पूर्ण झाला.

मुंबईला पाणी पुरवणाऱ्या ७ तलावांमध्ये तुळशी सर्वांत लहान आहे. त्याची क्षमता ८०४.६ कोटी लिटर असून त्यातून रोज सरासरी १ कोटी ८० लाख लिटर पाणी मिळतं. शहराच्या एकूण पुरवठ्यात हा वाटा एक टक्काही नाही.

मग इतकी बंदी कशाला?

कारण हे पिण्याचं पाणी आहे. तलाव महापालिकेच्या ताब्यात आहे, तर भोवतालचं जंगल वनखात्याच्या. पावसाचं पाणी याच जंगलातून मुरत, वाहत तलावात येतं. काठावर सहली, प्लास्टिक आणि पोहणं सुरू झालं, तर ती घाण थेट पाण्यात उतरेल. शिवाय हा बिबट्यांचा अधिवास आहे.

याची दुसरी बाजूही आहे. पाण्यासाठी राखलेल्या या पाणलोटामुळेच महानगराच्या मधोमध जंगल टिकायला मदत झाली. आज या उद्यानाचं क्षेत्र सुमारे १०४ चौरस किलोमीटर आहे.

मग तलाव पाहायचा कसा?

लांबून, उंचावरून. उद्यानाच्या मुख्य दरवाजापासून कान्हेरी लेणी ६-७ किलोमीटरवर आहेत. चालत जाता येतं, उद्यानाची बसही असते. लेण्यांच्या वरच्या डोंगराळ भागातल्या निसर्गवाटांवर मात्र परवानगी घेऊन, उद्यानाच्या मार्गदर्शकासोबतच जायचं. हवा स्वच्छ असेल, तर उंचावरून जंगलापलीकडे तुळशी आणि विहारचं पाणी चमकताना दिसतं.

वाटेत लेण्यांजवळची दगडात कोरलेली पाण्याची टाकी नक्की पाहा. इथल्या प्राचीन शिलालेखांत त्यांना 'पोढी' म्हटलंय आणि ती दान देणाऱ्यांची नावंही कोरली आहेत. याच डोंगरावरचा पाऊस साठवून भिक्षूंनी शेकडो वर्षं तहान भागवली.

जाताना काय लक्षात ठेवाल?

उद्यान सोमवारी बंद असतं. सकाळी लवकर निघा, पाणी सोबत ठेवा, कचरा परत आणा. पावसाळ्यात ओढ्यांचं पाणी अचानक वाढतं, त्यामुळे त्यात उतरू नका. सोशल मीडियावर कुणी 'गुप्त वाट' दाखवली, तर त्या वाटेला जाऊ नका.

तुळशी भरला की त्याचं पाणी विहारमध्ये जातं. विहार भरला की मिठी नदीत, आणि तिथून माहीमच्या खाडीत. म्हणजे काठावर टाकलेली एक बाटली अख्ख्या शहरातून फिरू शकते. पाणी घरच्या नळाला यायचं असेल, तर तलाव लांबूनच पाहिलेला बरा.